नोकरी, दोन मुलं आणि शनिवार-रविवारचं एमबीए : 14 महिन्यांनंतर

गेल्या वर्षी जुलैत प्रवेश घेतला. त्याआधी दोन-तीन महिने मी असा कुणाचा तरी अनुभव शोधत होते. सापडले ते पंचविशीतल्या मुलांचे, नाहीतर थेट संस्थांच्या माहितीपत्रकातले. घरात शाळेत जाणारी मुलं असताना हे कसं जमतं, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी 41 वर्षांची. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. मुलगी दहावीत, मुलगा तिसरीत. नवरा नोकरीत, सासूबाई आमच्याजवळच असतात. कोर्स दोन वर्षांचा, पुण्यात. शनिवारी दुपारी 2 ते 7, रविवारी 9 ते 4. महिन्यातून एक रविवार सुट्टी.

प्रवेशाआधी एक गोष्ट नीट बघा. ‘एक्झिक्युटिव्ह’ या नावाखाली अगदी वेगवेगळे कोर्स येतात. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स वर्षभर तिथेच राहून करायचा असतो, म्हणजे नोकरी थांबवावी लागते. मुंबईत एमएमएम (मार्केटिंगचा), एमएफएम (फायनान्सचा) हे संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम जुने आहेत. घरबसल्या, कमी खर्चात करायचं तर इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. शिवाय पदवी आणि पदविका यांतला फरक. पीजीडीएम ही पदविका. खुद्द आयआयएमनाही 2017 चा कायदा होईपर्यंत पदवी देता येत नव्हती, आणि त्यांच्या पदविकेचं वजन कमी नव्हतं, हेही खरं. पण पुढे पीएचडी किंवा शिकवण्याचा विचार असेल तर कागदावर काय मिळणार आणि ते कोण देणार, हे लेखी विचारून घ्या. मी विद्यापीठाच्या पदवीचाच कोर्स निवडला आणि त्याचं मला समाधान आहे.

आता वेळ. चौकशी केली तेव्हा फोनवर सांगितलं होतं, ‘आठवड्याला बारा तास.’ ते फक्त वर्गाचे. केस (म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या प्रश्नाची सविस्तर हकिगत) वाचणं, असाइनमेंट, ग्रुपचं काम धरलं तर माझे बावीस-तेवीस तास जातात, परीक्षेच्या आठवड्यात त्याहून जास्त. ते आणायचे कुठून? मी पहाटे पावणेपाचला उठते आणि सव्वासहापर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचते. रात्री वाचायचा प्रयत्न दोन महिने केला. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून घरी आल्यावर डोक्यात काही शिरत नाही. ग्रुपचा कॉल मात्र रात्री साडेनऊलाच असतो, कारण आमच्या पाच जणांत एक डॉक्टर आहेत आणि त्यांची ओपीडी नऊला संपते.

माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात, मग डिप्लोमा, मग नोकरी करत इंजिनिअरिंग. पहिली केस वीस पानांची होती. वाचायला तीन तास लागले आणि वर्गात तोंड उघडलं नाही. दुसऱ्या सत्रापर्यंत तेवढीच केस तासाभरात व्हायला लागली. आधी शेवटचे तक्ते बघायचे, मग पहिलं पान, मग मधलं. भाषेमुळे कुणी अडून बसलं असेल तर त्यांना मी ठामपणे सांगेन, तीन-चार महिने जड जातात, मग बसते घडी. आणि आकडेवारीच्या विषयांत आम्ही कारखान्यातली माणसं कुठेही कमी पडत नाही.

यातून मिळालं काय, तर त्याचं माझं उत्तर आमच्या कारखान्यातल्या लीक टेस्टच्या, म्हणजे नगातून गळती होते का ते तपासणाऱ्या मशीनपाशी आहे.

ऑपरेशन्सच्या तासाला लिटलचा नियम शिकवला. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये तो सिद्ध केला. मांडायला अगदी साधा: लाइनवर अडकलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, म्हणजे एका नगाला आत किती दिवस लागतात. सोमवारी जाऊन मी आमच्या लाइनवरचे नग मोजले. ट्रेमधले, ट्रॉलीवरचे, कोपऱ्यात ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेले, सगळे. भरले 4,200. रोजचा डिस्पॅच 600. म्हणजे सात दिवस. आणि एका नगावर प्रत्यक्ष काम किती, तर मशिनिंग, डीबरिंग (कडांची कुसळं काढणं), वॉशिंग, लीक टेस्ट, फायनल इन्स्पेक्शन मिळून दोन तासांच्याही आत. उरलेला सगळा वेळ तो नग ट्रेमध्ये पडून. निम्म्याहून जास्त ट्रे लीक टेस्टपुढे, कारण ते मशीन एकच.

मी तिथे जमिनीवर पिवळी पट्टी मारून घेतली. पट्टीच्या आत 300 नग झाले की मागचं मशिनिंग थांबवायचं. पहिल्या आठवड्यात रोज बोलणी खाल्ली. ‘मशीन बंद का? ऑपरेटर बसून का?’ नाइट शिफ्टच्या सुपरवायझरने तर पट्टीबाहेर ट्रे लावून ठेवले होते. त्याचंही चूक नव्हतं, इतकी वर्षं त्याला चालू मशीनवरूनच जोखलं जात होतं. मग मोकळ्या बसलेल्या ऑपरेटरला लीक टेस्टच्या लोडिंगला दिला, जेवणाच्या सुट्टीत ते मशीन बंद ठेवणं थांबवलं. दहा आठवड्यांनी लाइनवर 2,400 नग, म्हणजे चार दिवस. एका नगाची किंमत साडेचारशे रुपये धरली तर आठ लाखांवर रक्कम मोकळी झाली. माझी दोन वर्षांची फी 7 लाख 20 हजार आहे. तेव्हापासून कॉस्टिंगच्या बैठकीला मला बोलावतात. बढती अजून झालेली नाही, पण पंधरा वर्षांत त्या खोलीत मी कधी बसले नव्हते.

म्हणून माझं मत असं की कामावरचा एखादा अडलेला प्रश्न हातात असेल तेव्हाच हा कोर्स करावा. आमच्या वर्गात काही जण फक्त नावापुढे एमबीए लागावं म्हणून आलेत. हुशार आहेत, मार्कही चांगले पडतात. पण सोमवारी सकाळी त्यांना वर्गातलं काही लागत नाही.

दुसरी बाजू घरची आहे, आणि तिथे या कोर्सची किंमत मी नीट मोजलीच नव्हती.

जानेवारीत मुलाच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. तो दिंडीत वारकरी होता. तारीख मला महिनाभर आधी माहीत होती, शनिवार मोकळा होता. संस्थेने परीक्षेचं वेळापत्रक आठ दिवस आधी बदललं आणि फायनान्सचा पेपर नेमका त्या संध्याकाळी आला. एका सत्रात वेळापत्रक बदलायची ती तिसरी वेळ. मी विनंती केली, बदली तारीख मिळाली नाही. पेपर देऊन साडेआठला घरी आले तर पोरगा सोफ्यावर झोपलेला. पांढरी टोपी डोक्यावर तशीच, कपाळाचा गंध उशीला लागलेला, हातात टाळ. सासूबाई म्हणाल्या, ‘आईला दाखवल्याशिवाय काढणार नाही म्हणाला, मग मीही धुऊ दिलं नाही तोंड.’ मी त्याला उठवलं. अर्धवट झोपेत त्याने दोन पावलं नाचून दाखवली आणि पुन्हा झोपला. पेपरात मला चांगले मार्क पडले. त्या संध्याकाळचं मला अजूनही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने आणि मी बसून आठवडा कागदावर मांडला, तासांसकट. तेव्हा दिसलं की माझे बावीस तास कुठून तरी हवेतून येत नव्हते. सहा तास सासूबाईंचे होते, गुडघे दुखत असताना. आठ-नऊ नवऱ्याचे. चार मुलीचे, भावाचे पाढे आणि शुद्धलेखन ती घेत होती, आणि मला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर रविवारच्या स्वयंपाकाला बाई लावल्या, महिन्याला अडीच हजार. पाढे नवऱ्याने घेतले. हा कागद फ्रिजवर आहे आणि दर सत्राला आम्ही तो नव्याने लिहितो. प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधीच तो लिहायला हवा होता.

पैशांबद्दल थोडक्यात. तीन लाख वीस हजार साठवलेले, बाकी चार लाख शैक्षणिक कर्ज. व्याजावर आयकरात वजावट मिळते, मुद्दलावर नाही, आणि तीही जुन्याच करप्रणालीत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी आकडेमोड करून मग ठरवा. कंपनी निम्मी फी द्यायला तयार होती, पण त्यासाठी तीन वर्षांचा बाँड होता, म्हणजे तोवर नोकरी सोडायची नाही. मी नाही म्हटलं.

शिकवणं सगळंच चांगलं नाही. अकाउंट्सच्या मॅडमनी कंपनीचा ताळेबंद वाचायला शिकवला तो जन्मभर पुरेल. मार्केटिंगला मात्र नुसत्या स्लाइड वाचल्या गेल्या. आणि प्रवेशाच्या वेळी प्लेसमेंटबद्दल जे गोड बोलतात ते सोडून द्या. पंधरा वर्षं अनुभव असलेल्या माणसाला नोकरी ओळखीतून आणि कामातून मिळते. त्या ओळखी मात्र या वर्गात खरोखर होतात.

पुढच्या सत्रात एक ऐच्छिक विषय जानेवारी ते मार्च आहे, म्हणजे ऐन दहावीच्या परीक्षेत. तो पुढच्या बॅचबरोबर करता येतो, पण मग पदवी सहा महिने उशिरा हातात येईल. मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘आई, पेपरच्या दिवशी सकाळी तू घरी असलीस तरी पुरे.’ मी तीन महिने घरी राहायचं ठरवलंय. विषय पुढे ढकलण्याचा अर्ज भरून ठेवलाय, या शनिवारी देते.