समुपदेशकाकडे सोळा भेटी: फी, पद्धत आणि माझा अनुभव

राजापूर तालुक्यात नाटे गावाजवळ आमची हापूसची बाग आहे. आप्पा गेले आणि फवारणी, गडीमाणसं, वाशी मार्केटचा हिशेब सगळं माझ्या अंगावर आलं. मग छातीत धडधड सुरू झाली. रात्री दोन-अडीचला जाग यायची ती उजाडेपर्यंत. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. शेवटी आमच्या डॉक्टरांनीच समुपदेशकाकडे जायला सांगितलं. आमच्याकडे भांडणात ‘तुला रत्नागिरीला न्यायला पाहिजे’ असं सर्रास म्हणतात, कारण मनोरुग्णालय तिथे. त्यामुळे रत्नागिरीला जातो हे घरात सांगायलाच मला महिना लागला.

पहिली निवड चुकली. तिथे दहा भेटींचे पैसे आगाऊ मागितले. मी दोन भेटींचे तीन हजार दिले. दोन्ही वेळा मला फक्त उपदेश मिळाला: सकारात्मक राहा, देवाचं नाव घ्या, बायकोशी बोला. शिक्षण विचारलं तर उत्तर टाळलं. तिथेच थांबलो ते बरं झालं.

दुसऱ्या वेळी आधी फोनवर विचारून घेतलं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक ही पाटी मात्र वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं लावतात, म्हणून पदवी विचारायला अजिबात संकोचू नका. या दुसऱ्या समुपदेशक मॅडमनी पदवी सांगितली, फी सांगितली, आणि ‘औषध लागेल असं वाटलं तर मी स्वतः डॉक्टरांकडे पाठवीन’ हेही सांगितलं. त्या एका वाक्यावर माझा विश्वास बसला.

पन्नास मिनिटांचे १,००० रुपये. जानेवारी-फेब्रुवारीत दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, आता महिन्यातून एकदा. एकूण १६,००० झाले. एसटीचं भाडं वेगळं, आणि प्रत्येक खेपेला बागेतला जवळजवळ दिवस जातो तो वेगळाच. एका भेटीची फी ऐकून हो किंवा नाही ठरवू नका. साधारण किती भेटी लागतील ते विचारा. विम्याचंही बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा आहे, पण माझी पॉलिसी दवाखान्यात दाखल झालं तरच पैसे देते. म्हणून हा सगळा खर्च खिशातून.

पद्धतीबद्दल सविस्तर सांगतो, कारण मला फरक पडला तो तिच्यामुळे. माझ्यासाठी त्यांनी सीबीटी निवडली, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी: मनात येणारे विचार तपासून बघायची पद्धत. त्यात घरचा अभ्यास असतो. वहीत तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय झालं. मार्चमधली एक नोंद अशी: ‘वाशीहून फोन नाही. माल नाकारला असणार. आप्पांनी तीस वर्षांत उभं केलेलं मी एका हंगामात घालवलं. छातीत धडधड, हात गार.’ मॅडमनी पेन्सिल माझ्याच हातात दिली आणि म्हणाल्या, ‘यातलं जे खरोखर घडलंय, तेवढ्याखाली रेघ मारा.’ मी रेघ मारली ती फक्त ‘फोन नाही’ या दोन शब्दांखाली आणि छाती-हातांच्या शेवटच्या ओळीखाली. मधलं सगळं माझं मीच जोडलेलं होतं. कितीतरी वेळ मी त्या पानाकडे बघत बसलो. आणि मग आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. त्यांनी थांबवलं नाही, घड्याळाकडेही बघितलं नाही.

धडधड पूर्ण गेलेली नाही. झोप मात्र आता सहा तास लागते. पहिल्या चार भेटींत काहीच जाणवलं नव्हतं, पाचव्या वेळी जावं की नाही असं झालं होतं. जुलैमध्ये पावसामुळे व्हिडिओवर भेट घेतली. वीज दोनदा गेली, शेवटी साध्या फोनवर बोललो. चाललं, पण मला समोर बसूनच बरं वाटतं.

पैशांची अडचण असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि दिवसरात्र मराठीत बोलता येतं. फेब्रुवारीत एकदा रात्री अडीचला मी तिथे फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकून घेतलं.

पुढची भेट गणपतीनंतर. बायको म्हणालीय, या खेपेला ती पण सोबत येईल.