कुनिट्झमुक्त की कमी फायटेटचं सोयाबीन?

कोंबडीला कच्चं सोयाबीन घातलं की तिची वाढ खुंटते. दाण्यातला कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर, म्हणजे पचन रोखणारं एक प्रथिन, खाद्यातली प्रथिनं पचू देत नाही, स्वादुपिंडही सुजतं. म्हणूनच सोयापेंड तापवून घ्यावी लागते. कमी तापली तर दोष राहतो, जास्त तापली तर लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल वाया जातं. कोरियाहून आलेल्या 'पीआय १५७४४०' या वाणात हे इनहिबिटर प्रथिनच नाही, आणि हा गुण एकाच अप्रभावी जनुकावर चालतो. त्यामुळे संकर करून तो चांगल्या वाणात आणणं तुलनेने सोपं. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा 'एनआरसी १२७' असाच कुनिट्झमुक्त आहे. तरी दाणा कच्चा घालू नये! बोमन-बर्क इनहिबिटर आणि लेक्टिन ही दुसरी अपायकारक प्रथिनं उरतातच. फक्त तापवायला उष्णता कमी पुरते.

कमी फायटेटच्या वाणाचा फायदा वेगळा. दाण्यातला बहुतेक फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. कोंबडी-डुकरांना तो मिळत नाही, विष्ठेतून जमिनीत आणि पाण्यात जातो. कल्पना मला फार आवडते. पण अशा बियाण्याची उगवण बऱ्याचदा कमी भरते, आणि आपल्याकडे सोयाबीनच्या उगवणीची रड आधीच कमी नाही. शिवाय फायटेज हे विकर खाद्यात मिसळून तेच काम भागतं.

गाई-म्हशींच्या कोठीपोटातले जिवाणू फायटेट फोडतात, इनहिबिटरचाही बराचसा बंदोबस्त करतात. तिथे दोन्ही वाणांचा लाभ थोडाच.

कोंबड्यांसाठी विचाराल तर मी कुनिट्झमुक्त वाणच पेरायला सांगेन.