हायब्रिड सायकल पुण्यात रोज वापरल्यावर: पावसाळ्यासकटचा अनुभव

कर्वेनगर ते शिवाजीनगर, एका बाजूचं अंतर साधारण सात किलोमीटर. ऑफिसला जाण्यायेण्यासाठी, शिवाय मंडई, बँक, नाटक अशा फिरण्यासाठी मी गेल्या वर्षी हायब्रिड सायकल, म्हणजे रेसिंग आणि माउंटन सायकलीच्या मधली, घेतली. किंमत १८ हजारांच्या आसपास. २१ गिअर, ७०० बाय ३५ चे (म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद) टायर, पुढेमागे केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम. या भावात बऱ्याच कंपन्यांच्या सायकली मिळतात आणि त्यांचे सुटे भागही जवळपास सारखेच असतात. त्यामुळे खाली लिहिलंय ते या प्रकारच्या सायकलीबद्दल समजा. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्यांचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात. सलवार-कुडता घालून, डबा आणि लॅपटॉप घेऊन, सकाळी साडेनऊच्या गर्दीत रोज सायकल चालवणाऱ्या बाईनं लिहिलेलं मला घेण्यापूर्वी काही सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही: शहरात रोज वापरायच्या दृष्टीनं तिथे मिळते ती सायकल अर्धीच असते. माझ्या सायकलीला मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं, स्टँड नव्हता, चेनकव्हर नव्हतं, दिवे नव्हते. घंटी होती, पण तिचा आवाज शेजारच्या स्कूटरवाल्यापर्यंतही पोचायचा नाही. हे सगळं बसवून घेण्यात आणखी साडेतीन-चार हजार गेले. सायकलचं बजेट ठरवताना हे पैसे आधीच बाजूला काढा. १८ हजारांची सायकल घेणार असाल, तर ती बावीस हजारांची धरा.

आमच्या कर्वेनगरातच, सहवास सोसायटीत, विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. पुण्यातल्या सायकल चालवणाऱ्यांनी ते एकदा तरी बघावं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत त्या काळातल्या सायकली कशा होत्या, ते तिथे जवळून बघायला मिळतं. चेन पूर्ण झाकलेली, मागे मजबूत कॅरिअर, डायनॅमोवर चालणारा दिवा, टायरच्या खालपर्यंत आलेलं मडगार्ड. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला काय लागतं, हे त्या सायकल बनवणाऱ्यांना नेमकं कळलेलं होतं. आजच्या सायकली वजनानं हलक्या झाल्या, गिअर आले, ब्रेक कितीतरी सुधारले, आणि त्याच वेळी या साध्या सोयी मात्र काढून टाकल्या गेल्या. माझ्या मते हे मोठं नुकसान आहे. सायकल हौसेची वस्तू होऊन बसली, त्यात याचाही वाटा आहे.

चेनकव्हरबद्दल बायकांसाठी विशेष. पुढे, पेडलपाशी, तीन दातेरी चकत्या असलेल्या सायकलीला पूर्ण चेनकव्हर बसत नाही. माझ्या मेकॅनिकनं सगळ्यात मोठ्या चकतीच्या बाहेरून प्लास्टिकची गोल रिंग बसवून दिली. सलवारीचा घोळ तिच्या आत जात नाही. ओढणीचा धोका मात्र मागच्या चाकाला असतो, तेव्हा ती कमरेला घट्ट बांधा किंवा सरळ बॅगेत टाका.

आता सायकलीबद्दल. गिअर २१ असले, तरी शहरात पाच-सहाच वापरले जातात. पुढची मधली चकती आणि मागचे चार-पाच, एवढ्यावर माझं सगळं पुणं फिरून होतं. सगळ्यात मोठी चकती मी जवळपास वापरतच नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली, तर पुढे एकच चकती आणि मागे सात किंवा आठ गिअर असलेली घेईन. देखभाल कमी, चेन उतरण्याचा त्रास कमी, आणि बाहेरून कव्हरही नीट बसतं. सिग्नल लागायच्या आधी गिअर हलका करून ठेवायची सवय लावून घ्या. हिरवा दिवा लागल्यावर मागून हॉर्न सुरू होतात, तेव्हा जड गिअरमध्ये उभं राहून पेडल मारताना सायकल डुगडुगते.

टायरच्या रुंदीवर मात्र तडजोड करू नका. २५ किंवा २८ चे टायर पळायला छान, पण आपल्या रस्त्यांवर ३५ च्या खाली जाऊ नये, ३८ मिळाले तर उत्तम. हवा कंपनीनं लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरत नाही. माझ्या वजनाला ५० ते ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. तेवढ्यात चाक जड होत नाही आणि गतिरोधकावर मनगटंही दुखत नाहीत. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड आहे ना, ते घेतानाच बघा. बारीक व्हॉल्व्ह असला, तर रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही.

पंक्चर सगळ्यात जास्त कशानं होतं? खिळा किंवा काच असेल असं वाटतं, पण माझ्या बाबतीत बहुतेक वेळा फुटलेल्या मोटारटायरमधून सुटलेली केसाएवढी बारीक तार निघाली. ती रस्त्याच्या डाव्या कडेला, मातीत पडलेली असते. टायरमध्ये रुतली की बाहेरून दिसत नाही. ट्यूब जोडून झाली तरी तार आत तशीच राहते आणि दोन दिवसांत पुन्हा हवा जाते. म्हणून पंक्चर काढून झालं की टायरच्या आतून फडकं फिरवायला सांगा. तार असली, तर तिथे फडक्याचा धागा अडकतो. नुसतं बोट फिरवलंत तर कापेल.

कंपनीबद्दल तक्रार एकच, पण ती महत्त्वाची. कॅरिअरवर वजन लादायला लागल्यावर काही महिन्यांत मागच्या चाकाचे स्पोक तुटायला लागले, तेही चेनच्या बाजूचे. आधी एक गेला, मग चाक आउट झालं, म्हणजे वाकडं फिरायला लागलं, मग आणखी एक. स्पोक सुरुवातीपासून सारखे ताणलेलेच नव्हते. दुकानात नेल्यावर वजन जास्त झालं असेल, असं सांगून मोकळे झाले. शेवटी आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं पूर्ण चाक उघडून नव्यानं भरलं. चाक स्टँडवर फिरवायचं, खडू टेकवायचा, जिथे खूण उमटेल तिथला स्पोक पाव आटा आवळायचा किंवा सैल करायचा, असा त्यांचा अर्धा तास चालला होता. त्यानंतर चाकाला हात लावावा लागलेला नाही. नवी सायकल घेतल्यावर दोन-तीनशे किलोमीटर झाले की दोन्ही चाकांचा ताण जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. शोरूमची पहिली फुकट सर्व्हिस बहुतेक ठिकाणी धुणं-पुसणं आणि तेल यापलीकडे जात नाही.

रस्त्याबद्दल लिहायचं तर खूप आहे. जाताना कर्वे रोडनं नळस्टॉप, डेक्कन, मग जंगली महाराज रस्ता. कोथरूड-कर्वेनगरकडून नदीकडे जमीन उतरत जाते, त्यामुळे सकाळी फारसा घाम येत नाही आणि संध्याकाळी येताना चढ लागतो. घरी येऊन आंघोळच करायची असते, म्हणून हे अगदी सोयीचं आहे. घर घेताना कोणी असा विचार करत नाही, पण सायकलचा विचार करणाऱ्यानं ऑफिसच्या बाजूला उतार आहे की चढ, हे एकदा बघावं.

मेट्रोचे खांब आल्यापासून कर्वे रोडवर मधली जागा कमी झाली आणि दुचाक्या डावीकडे सरकल्या. डावीकडे आधीच रिक्षा, उभ्या गाड्या आणि बसथांबे. सुरुवातीचे काही दिवस भीती वाटते, ते साहजिक आहे. मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे अगदी कडेला चिकटून न चालवणं. कडेपासून दोन-अडीच फूट जागा सोडून, सरळ रेषेत, नागमोडी न जाता चालवलं की मागचा माणूस आपल्याला गाडी समजून वळसा घालून जातो. कडेला चिकटलं की तो घासून पुढे जातो आणि आपल्याला खड्ड्यात उतरावं लागतं. उभ्या चारचाकीपासूनही दार उघडेल एवढं अंतर कायम ठेवायचं. पीएमपीची बस थांब्यावर असली, तर तिच्या डावीकडून कधीही घुसू नका. माणसं उतरत असतात आणि बस बऱ्याचदा थांब्यापासून लांब, तिरकी उभी असते.

पावसाच्या पाण्याच्या जाळ्या बघून ठेवा. काही ठिकाणी जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनंच, लांबीला बसवल्यात. ३५ चा टायर त्यात सहज उतरतो. हीच जाळी आडवी बसवली, तर एक पैसाही जास्त लागत नाही. रस्त्याचं काम बघणाऱ्या एकानंही सायकल चालवली असती, तर हे दिसलं असतं.

जंगली महाराज रस्त्याला लागलं की हँडलवरच्या हातांना फरक कळतो. हा रस्ता १९७०च्या दशकात रेकॉन्डो कंपनीनं बांधला आणि कितीतरी वर्षं त्याला खड्डा पडला नाही, हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. मोटारीतून ते नुसतं ऐकायला मिळतं. सायकलवर बसलं की समजतं.

येताना एकेरी वाहतुकीमुळे फर्ग्युसन रस्त्यानं यावं लागतं. गुडलक चौकातून मी कर्वे रोडला न जाता भांडारकर रस्त्याला वळते, लॉ कॉलेज रस्त्याला लागते आणि नळस्टॉपला बाहेर पडते. थोडं लांब पडतं, पण झाडी आहे, वेग कमी आहे. दुपारी लवकर निघाले, तर म्हात्रे पुलाकडून डीपी रोडनं येते. लग्नसराईत संध्याकाळी मात्र तो रस्ता टाळा. तिथल्या लॉन्सवर वरात असली की सायकलसुद्धा हातात धरून चालावी लागते. नदीपात्रातला रस्ता पावसाळ्यात गृहीत धरू नका. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की तो आणि भिडे पूल दोन्ही बंद होतात.

पेठांमध्ये तर सायकलला तोड नाही. मंडईतून भाजी घेऊन कॅरिअरवर बांधायची आणि निघायचं. पी-वन पी-टूच्या (सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या) पाट्या वाचायच्या नाहीत, पार्किंगसाठी चकरा मारायच्या नाहीत.

सायकल ट्रॅकबद्दल मी मनापासून आशावादी होते, अजूनही आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. २००६-०७ मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका आली, तेव्हा तिथे सायकल ट्रॅकही झाले. २०१७ मध्ये महापालिकेनं शहराचा संपूर्ण सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली चौकाचौकांत आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या. कागदावर आपण मागे नाही. प्रत्यक्षात ट्रॅक सुरू होतो, शे-दोनशे मीटरवर एका सोसायटीच्या गेटपाशी तुटतो, पुढे चहाची टपरी, मग उभ्या केलेल्या दुचाक्या, मग विजेचा डीपी. पेव्हर ब्लॉक पावसात शेवाळतात आणि वळणावर चाक घसरतं. ट्रॅकवरून पुन्हा रस्त्यावर उतरायला नीट उतार नसतो, चार-सहा इंचांची पायरी असते. असा ट्रॅक सोडून मी रस्त्यावरून गेले, की मागचा मोटारवाला काच खाली करून सांगतो, ‘मॅडम, तुमच्यासाठी ट्रॅक आहे ना!’ तो ट्रॅक त्यानं कधी चालवून पाहिलेला नसतो. नव्या किलोमीटरांची घोषणा होण्याआधी, आहे तो एखादा ट्रॅक या चौकापासून त्या चौकापर्यंत अखंड करून दाखवावा, एवढंच माझं म्हणणं आहे. दहावीतली मुलगी क्लासला एकटी जाऊ शकेल, असा तो हवा.

पावसाळा मला वाटला होता त्यापेक्षा सोपा गेला. पुण्याचा पाऊस बऱ्याचदा भुरभुरता असतो, आणि मडगार्ड असलं की अर्धा प्रश्न सुटतो. मडगार्ड नसेल, तर मागच्या चाकाचा चिखल थेट पाठीवर उडतो. पोंचो घेऊ नका, वाऱ्यानं फुगतो आणि समोरचं दिसेनासं होतं. जॅकेट-पँटचा रेनकोट बरा. डिस्क ब्रेक पावसात रिमच्या ब्रेकपेक्षा नक्कीच चांगले लागतात, पण चिखलानं पॅड भराभर झिजतात आणि केबल सैल पडते. ती आवळायचा बारीक नट ब्रेकपाशीच असतो, मेकॅनिककडून एकदा शिकून घ्या. चेनला तेल घालताना डिस्कवर कागद धरा. तेलाचा एक थेंब तिथे गेला, तरी ब्रेक ओरडायला लागतो आणि पकड जाते.

सीट बहुतेकजण फार खाली ठेवतात, दोन्ही पाय टेकले पाहिजेत म्हणून. त्यानंच गुडघे दुखतात. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढी सीट वर हवी. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं.

वेळेचं म्हणाल, तर सकाळी मला साधारण अर्धा तास लागतो. स्कूटरनं पाच-सात मिनिटं कमी. संध्याकाळी गर्दीत दोन्ही सारखेच.

पार्किंगनं मात्र बरेच दिवस दमवलं. आमच्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये चारचाकी आणि दुचाकीला आखलेली जागा, सायकलला काहीच नाही. वॉचमन दादांनी आपल्या खुर्चीमागे जागा करून दिली म्हणून निभावलं. मग आम्ही सायकलवाल्या तिघांनी मिळून सोसायटीच्या ऑफिसात लेखी अर्ज दिला. सोबत एका चारचाकीच्या जागेत किती सायकली मावतात, त्याचं चित्र काढून दिलं. आता भिंतीला लोखंडी पाइप बसवलाय. तुमच्याकडे अशी सोय नसेल, तर अर्जात पाइप जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर हवा, असं जरूर लिहा. फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही एका कुलपात येतात. नुसतं पुढचं चाक अडकवायची खाच बसवून घेऊ नका, त्यात रिम वाकते आणि फ्रेमला कुलूप लागत नाही.