विनगेट: ॲप बसवण्यात चोख, काढण्यात मात्र ढिले

विंडोजवर एखादे ॲप बसवताना करावी लागणारी कसरत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा त्रास आता त्रास वाटेनासा झाला आहे. शोधयंत्रात नाव टाकायचे, वर आलेल्या जाहिराती ओलांडून खरे संकेतस्थळ ओळखायचे, पानावर विखुरलेल्या ‘डाउनलोड’च्या बटणांपैकी अस्सल कोणते हे ताडायचे, आणि मग ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जाताना एखाद्या टूलबारला किंवा अनोळखी अँटिव्हायरसला आपला होकार तर गेला नाही ना, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचे. मायक्रोसॉफ्टचे विनगेट नावाचे साधन हे सगळे एका ओळीच्या कमांडवर आणते. माझ्या कामाच्या संगणकावर ॲप बसवणे, अद्ययावत ठेवणे आणि काढून टाकणे ही तिन्ही कामे मी बऱ्याच काळापासून त्याच्याच मार्फत करतो, आणि त्यातून बनलेले माझे मत असे, की पहिल्या कामात ते जवळजवळ निर्दोष आहे, दुसऱ्यासाठी ते असायलाच हवे, आणि तिसऱ्यात त्याच्यावर फार विसंबू नये.

विनगेटची चाचणी आवृत्ती मे २०२० मध्ये आली आणि १.० ही पहिली पक्की आवृत्ती मे २०२१ मध्ये. लिनक्सच्या डेबियन या प्रकाराच्या वापरकर्त्यांकडे ॲप्ट हे असेच साधन विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे, मॅकवर होमब्र्यू २००९ पासून आणि खुद्द विंडोजवर त्रयस्थांनी बनवलेले ‘चॉकलेटी’ (Chocolatey) नावाचे साधन २०११ पासून. तेव्हा मायक्रोसॉफ्टला हे उशिराच सुचले, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र उशिरा येण्याचा एक फायदा त्याला मिळाला: विंडोज ११ मध्ये आणि विंडोज १० च्या १८०९ व त्यापुढच्या आवृत्त्यांवर ते ‘ॲप इन्स्टॉलर’ या घटकासोबत येते, त्यामुळे बहुतेकांना वेगळे काही मिळवावे लागत नाही. शुल्क नाही, आणि मूळ कोडही खुला आहे. स्टार्ट मेनूमध्ये त्याचे चिन्ह दिसत नाही. टर्मिनल, म्हणजे कमांड टंकण्याची खिडकी, उघडून ‘विनगेट’ (winget) असे टंकले की ते हजर होते.

बसवण्याबद्दल फार लिहावे असे काही नाही, आणि ही त्याची स्तुतीच समजावी. ‘विनगेट सर्च’पुढे नाव दिले की जुळणाऱ्या ॲपची यादी येते; तीत प्रत्येकाचा एक ठरलेला आयडी असतो, ज्यात आधी प्रकाशकाचे नाव, मग टिंब आणि मग ॲपचे नाव असते. उदाहरणार्थ, व्हीएलसी प्लेअरचा आयडी ‘व्हिडिओलॅन.व्हीएलसी’ असा आहे. एकाच नावाची दोन-चार ॲप निघतात तेव्हा हा आयडीच उपयोगी पडतो, म्हणून इन्स्टॉल करताना नुसते नाव न देता आयडी देण्याची सवय लावून घ्यावी. पुढचे सगळे आपोआप होते: फाइल उतरते, तपासली जाते, आणि इन्स्टॉलर शक्यतो काही न विचारता काम उरकतो. शक्यतो म्हणण्याचे कारण असे, की काही इन्स्टॉलर स्वतःची चौकट दाखवल्याशिवाय राहत नाहीत, आणि तेथे विनगेटचे काही चालत नाही.

ती तपासणी कशी होते हे समजून घेण्यासारखे आहे. विनगेटच्या सार्वजनिक भांडारात मूळ ॲप ठेवलेली नसतात. तेथे प्रत्येक आवृत्तीसाठी मॅनिफेस्ट नावाची छोटी मजकूर-फाइल असते, आणि तीत प्रकाशकाच्या इन्स्टॉलरचा पत्ता व त्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसा, लिहिलेला असतो. हा मॅनिफेस्ट कोणीही पाठवू शकतो, पण तो भांडारात जाण्यापूर्वी त्याच्या स्वयंचलित चाचण्या होतात आणि मंजुरीचीही पायरी असते. आपल्या संगणकावर उतरलेल्या फाइलचा हॅश मॅनिफेस्टमधल्या हॅशशी जुळला तरच काम पुढे जाते. एखाद्या प्रकाशकाने जुन्याच पत्त्यावर गुपचूप नवी फाइल ठेवली, तर मॅनिफेस्ट सुधारला जाईपर्यंत विनगेट ती बसवण्यास साफ नकार देते. नवख्याला ही अडवणूक वाटते. मला मात्र हा या साधनाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. हॅशची तपासणी टाळण्याची सोय आहे, परंतु ती आधी ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने मुद्दाम चालू करावी लागते, आणि ती तशी अवघड ठेवली आहे हेच योग्य आहे. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की हॅश जुळणे म्हणजे फाइल मधल्या मध्ये बदललेली नाही इतकेच. ते ॲप चांगले आहे की वाईट, याची हमी त्यात नाही.

अपडेट हा विनगेट वापरण्याचा खरा हेतू. प्रत्येक ॲपने स्वतःचा अपडेटर पार्श्वभूमीत चालू ठेवायचा, संगणक सुरू होताच त्यांनी एकापाठोपाठ एक डोके वर काढायचे, आणि ज्यांना असा अपडेटर नाही ती ॲप वर्षानुवर्षे जुन्या त्रुटींसह तशीच पडून राहायची, ही विंडोजची जुनी रीत आहे. फाइलींचे आकुंचन करणारी, पीडीएफ दाखवणारी, ध्वनी संपादित करणारी अशी लहानसहान ॲप या दुसऱ्या गटात हमखास सापडतात. नुसते ‘विनगेट अपग्रेड’ टंकले की एक तक्ता समोर येतो: नाव, आयडी, बसवलेली आवृत्ती, उपलब्ध आवृत्ती आणि स्रोत. तो पहिल्यांदा पाहताना बहुतेकांना आपल्या संगणकावर काय काय आहे याचाच शोध लागतो, कारण विनगेटने न बसवलेली ॲपही त्यात येतात. विंडोजच्या रजिस्ट्रीमधल्या, म्हणजे बसवलेली ॲप आणि सेटिंग्ज यांच्या अंतर्गत नोंदवहीतल्या, नोंदी वाचून ते भांडारातल्या नावांशी जोड लावते. त्याच कमांडपुढे दोन आडव्या रेघा देऊन ‘ऑल’ लिहिले की सगळी ॲप ओळीने अद्ययावत होऊ लागतात.

येथे खाचखळगे मात्र आहेत. रजिस्ट्रीतल्या नोंदीत आवृत्तीचा आकडाच नसेल, तर असे ॲप यादीतून वगळले जाते आणि खाली त्याविषयी एक सूचना येते. बरेच लोक ती वाचतही नाहीत. ‘इन्क्लूड-अननोन’ हा पर्याय जोडला की ती ॲपही यादीत येतात, पण मग आवृत्ती कळत नसल्यामुळे तेच ॲप दर वेळी पुन्हा बसवले जाण्याची शक्यता असते. दुसरा प्रसंग अधिक वैतागवाणा आहे. नवी आवृत्ती उपलब्ध आहे, परंतु तिचे इन्स्टॉलेशन तंत्र सध्याच्या आवृत्तीपेक्षा वेगळे आहे, म्हणून जुने ॲप काढा आणि नवे बसवा, असा संदेश कधीकधी येतो. म्हणजे आधीचा इन्स्टॉलर एमएसआय प्रकारचा असेल आणि नवा साधा एक्सई असेल, तर विनगेट मध्येच हात वर करते. त्यात त्याचा दोष कमी आणि विंडोजवरच्या अनागोंदीचा अधिक, हे मान्य. पण निस्तरायचे आपल्यालाच असते.

परवानगीचाही प्रश्न आहे. साध्या टर्मिनलमधून सगळे अपडेट चालवले तर संपूर्ण संगणकासाठी बसवलेल्या प्रत्येक ॲपपाशी परवानगीची चौकट उघडते, म्हणजे संगणकासमोर बसून राहणे आले. टर्मिनलच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडले तर चौकटी थांबतात, परंतु मग प्रत्येक इन्स्टॉलरच्या हाती सगळे अधिकार जातात, आणि फक्त एका वापरकर्त्यापुरती बसणारी काही ॲप अशा वेळी चालण्यासच नकार देतात. मी पहिला मार्ग पत्करतो; चौकटीवर प्रकाशकाचे नाव दिसते आणि ते वाचायला वेळ लागत नाही. ज्या ॲपची आवृत्ती मुद्दाम बदलायची नाही, उदाहरणार्थ नव्या आवृत्तीत प्लगइन चालत नाहीत असे एखादे संपादन-सॉफ्टवेअर, त्याला ‘विनगेट पिन’ने अडकवून ठेवता येते, ‘ऑल’ म्हटले तरी मग ते जागचे हलत नाही. (अपडेटनंतर डेस्कटॉपवर पुन्हा उगवणारे, आपण आधीच पुसून टाकलेले शॉर्टकट मात्र विनगेटला आवरत नाहीत.)

काढून टाकण्याच्या कामात विनगेट एखाद्या मुकादमासारखे वागते: हुकूम पोहोचवते, प्रत्यक्ष काम दुसऱ्याकडून करून घेते आणि झाडलोट झाली की नाही हे पाहायला थांबत नाही. ‘विनगेट अनइन्स्टॉल’ ही कमांड त्या ॲपच्याच अनइन्स्टॉलरला हाक मारते. तो प्रामाणिक असेल तर काम स्वच्छ होते. तो आळशी असेल तर ॲप गेले असा संदेश येतो आणि मागे बरेच काही उरते. एका प्रिंटर-उत्पादकाचे सॉफ्टवेअर मी असे काढले, तेव्हा कमांडने यशाचा निर्वाळा दिला, यादीतून नावही गेले. मात्र टास्क शेड्युलरमध्ये अपडेट शोधणारे त्याचे काम ठरल्या वेळी सुरूच होते आणि ‘प्रोग्रामडेटा’ या फोल्डरमध्ये नोंदींच्या फाइलींचा ढीग तसाच होता. ‘सेटिंग्ज’मधून काढले असते तरी हेच झाले असते, कारण दोन्ही रस्ते त्याच अनइन्स्टॉलरकडे जातात.

मागे उरलेले सगळेच काही कचरा नसते, हेही सांगितले पाहिजे. फायरफॉक्स काढले तरी ‘ॲपडेटा’ या फोल्डरमधले प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड, जागेवर राहते आणि पुन्हा बसवल्यावर कामी येते. त्यामुळे जे दिसेल ते पुसणाऱ्या सफाई-सॉफ्टवेअरच्या नादी लागण्यापेक्षा ‘ॲपडेटा’, ‘प्रोग्रामडेटा’, टास्क शेड्युलर आणि स्टार्टअपची यादी स्वतः डोळ्यांखालून घालणे बरे. विनगेटमध्ये ‘पर्ज’ नावाचा एक पर्याय आहे, पण नाव ऐकून हुरळून जाऊ नये. इन्स्टॉलरशिवाय चालणाऱ्या, पोर्टेबल प्रकारच्या ॲपचा फोल्डर पुसण्यापुरताच तो आहे.

याहून मोठी उणीव अवलंबित घटकांची. एखाद्या ॲपला व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलसारखा घटक लागत असेल आणि मॅनिफेस्टमध्ये तशी नोंद असेल, तर विनगेट तो बसवून देते. ते ॲप गेल्यावर मात्र हा घटक आता कोणाला लागतो का, याचा विचार ते करत नाही. ॲप्टमध्ये ‘ऑटोरिमूव्ह’ ही कमांड नेमके हेच काम करते. विंडोजवर असा हिशेब कोणी ठेवत नसल्यामुळेच जुन्या संगणकांवर २००८, २०१०, २०१२, २०१३ अशा सालांचे तेच ते घटक ओळीने मांडलेले दिसतात, आणि कोणता काढला तर काय बंद पडेल या धास्तीने कोणी त्यांना हात लावत नाही.

संगणक बदलताना ‘एक्सपोर्ट’ ही कमांड कामाची आहे. ती आपल्या ॲपची यादी एका जेसन फाइलमध्ये लिहून देते, आणि नव्या संगणकावर ‘इम्पोर्ट’ केले की ती ॲप बसू लागतात. भांडारात नसलेली ॲप या यादीत येत नाहीत आणि ॲपमधली आपली सेटिंग्जही सोबत जात नाहीत, त्यामुळे बॅकअप म्हणून तिच्याकडे पाहू नये.

ज्यांना टर्मिनलची काळी चौकट नकोशी वाटते, त्यांच्यासाठी युनिगेटयूआय हे खुल्या कोडचे ॲप आहे. पूर्वी त्याचे नाव विनगेटयूआय होते. विनगेटसोबत चॉकलेटी आणि स्कूप या तशाच साधनांच्याही याद्या ते एकाच खिडकीत दाखवते, कोणती ॲप अपडेट करायची त्यांवर टिचकी मारून खूण करता येते, आणि अमुक एक आवृत्ती वगळण्याची सोयही आहे. दुसऱ्याचा संगणक लावून द्यायचा असेल तेव्हा मी हेच बसवतो. फक्त आपोआप अपडेट करण्याचा पर्याय तेथे बंद ठेवतो, कारण काम चालू असताना एखाद्या इन्स्टॉलरने ते ॲप बंद केले, तर न जतन केलेल्या मजकुराचा जाब विचारायला फोन मलाच येणार.