थंड घर, फोम मारलेलं छप्पर आणि आमची फसवणूक

गुहागरला आमच्या घराची शाकारणी चालू आहे. अर्धी कौलं उतरवलीत, वासे उघडे पडलेत आणि बाबा दरवर्षीसारखे अंगणात खुर्ची टाकून एकेका वाशाकडे बघत बसलेत. दुपारी शेजारच्या काकू त्यांच्या सुनेला घेऊन आल्या. ती नर्स आहे, ऑगस्टमध्ये इंग्लंडला निघाली आहे. "ताई, तिकडे थंडीचं कसं करता हो?" तिने विचारलं. स्वेटर-मोज्यांचं तिला कोणीही सांगेल. मी तिला आमच्या छपराचं सांगितलं, आणि तेच इथे लिहिते आहे, कारण आमच्या भागातली बरीच मुलं आता तिकडे चालली आहेत.

२०२१ मध्ये आम्ही यॉर्कशायरमध्ये घर घेतलं. शंभर वर्षांहून जुनं, दगडी, चाळीसारखं एका रांगेतलं. जाड भिंती बघून मला आपला चिरा आठवला. चिऱ्याची भिंत मे महिन्यात घर गार ठेवते, मग ही भिंत जानेवारीत घर ऊबदार ठेवेल असं मी धरून चालले. तसं होत नाही. साधारण १९२० पर्यंतची तिकडची बहुतेक घरं भरीव भिंतींची आहेत. नंतरच्या घरांना दोन भिंती आणि मधे पोकळी असते. भरीव दगडातून ऊब सतत बाहेर जात राहते. निजायच्या खोलीत सकाळी १२ अंश असायचे, भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. रात्रपाळी करून घरी यायचे तेव्हा पांघरुणातसुद्धा माझ्या मुलाचे पाय बर्फासारखे असायचे. थंडी पडली की शाल घेऊन ओटीवर बसायचं, एवढीच आमची थंडीशी ओळख.

फेब्रुवारी २०२२ च्या सुरुवातीला बातमी आली की ऑफजेमने, म्हणजे तिकडच्या वीज-गॅसच्या नियामकाने, घरगुती दरांची कमाल मर्यादा एप्रिलपासून ५४ टक्क्यांनी वाढवली. आम्ही दोघं त्या रात्री हिशोब मांडत बसलो होतो. त्याच आठवड्यात फोन आला: तुमच्या घराचा सर्व्हे मोफत करून देतो.

दोघं आले. त्यातला एक मराठी निघाला, मालवणकडचा. गुहागर म्हटल्यावर त्याने व्याडेश्वराचं नाव घेतलं, मला "वहिनी" म्हणाला, ह्यांना "दादा". मी चहा केला, आईने पाठवलेले नाचणीचे लाडू पुढे ठेवले. त्या क्षणापासून आम्ही त्याला प्रश्न विचारणं बंद केलं. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस हळवा होतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो माळ्यावर चढला. हातात दोन सुयांचं यंत्र होतं. त्याने सुया वाशात रोवल्या, यंत्र ओरडलं, लाल आकडा आला. "वहिनी, लाकूड पाणी पितंय. अजून दोन हिवाळे काढले तर छप्पर बसेल." खरं म्हणजे हिवाळ्यात थंड माळ्यावरच्या लाकडात ओल थोडी जास्त असतेच, एका आकड्यावरून वासा कुजतोय असं ठरत नाही. हे मला दोन वर्षांनी एका स्वतंत्र सर्व्हेअरने सांगितलं.

उपाय त्याने तयारच आणला होता: छपराला आतून फोमचा फवारा. किंमत ६,४०० पौंड, पण आज सही केली आणि पैसे थेट बँकेतून पाठवले तर ४,८००. त्या वेळच्या भावाने पाच लाखांच्या आसपास. २५ वर्षांची गॅरंटी, आणि "सरकारमान्य" हा शब्द दर दोन वाक्यांमागे. शेवटी एक जादा कागद पुढे केला. "उद्याच माणसं मोकळी आहेत, लगेच सुरू करायचं तर इथे सही."

त्या कागदाचा अर्थ मला आता कळतो. घरी येऊन केलेल्या विक्रीत ब्रिटनच्या कायद्याने १४ दिवसांत करार रद्द करता येतो. पण काम लगेच करा असं तुम्हीच लिहून दिलंत आणि ते पूर्ण झालं, की तो हक्क जातो. आमचं काम दुसऱ्या दिवशी दुपारीच पूर्ण झालं होतं.

फवारा मारताना मी शिडीवरून बघत होते. नळीतून पातळ दुधासारखं काही आलं आणि तेलात टाकलेल्या सांडग्यासारखं बघता बघता फुललं. वासे दिसेनासे झाले. वळचणीतून उजेडाची एक बारीक रेघ यायची, तीही बुजली. मी व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, पण आता वासे बघणार कसे? लाकडाला वारा कुठून लागणार?" तिकडचं बांधकाम वेगळं असतं, असं मी त्यांना सांगितलं. उभा जन्म छपराखाली काढलेल्या माणसाला मी गप्प केलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

२०२४ मध्ये माझी बदली झाली आणि घर विकायला काढलं. गिऱ्हाईक पटकन मिळालं. मग त्याच्या बँकेचा मूल्यमापक येऊन गेला आणि कर्ज नाकारलं गेलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाचंही तेच झालं. छपराला फोम असलेल्या घरावर तिकडच्या अनेक बँका कर्ज देत नाहीत, कारण फोमखालचं लाकूड तपासता येत नाही. शिवाय स्वयंपाकघराची, न्हाणीची वाफ वर चढते, आणि वळचण बंद असली की ती लाकडावरच बसते.

गॅरंटीवरचा फोन बंद. कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत पाहिलं तर कंपनीच बंद केलेली. ही नोंद कोणालाही फुकट बघता येते; मी ती सहीआधी बघायला हवी होती. पैसेही अडकले ते बँकेतून पाठवल्यामुळे. वस्तूची किंवा कामाची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल आणि क्रेडिट कार्ड वापरलं असेल, तर १९७४ च्या कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीवरही जबाबदारी येते. ती वाट त्याने सवलतीचं गाजर दाखवून आधीच बंद केली होती.

फोम खरवडून काढायला ५,६०० पौंड गेले. दोन वासे वरून काळे पडून मऊ झाले होते, ते बदलावे लागले. मग माळ्याच्या जमिनीवर मिनरल वूलचे, म्हणजे ऊब अडवणाऱ्या लोकरीसारख्या थराचे, रोल अंथरून घेतले, २७० मिलिमीटर जाड, वळचण मोकळी ठेवून. याला काहीशे पौंड लागले आणि घर पहिल्यांदा ऊबदार झालं. दारांच्या फटींना ब्रश, जाड पडदे, भात शिजताना पंखा चालू, रेडिएटरवर कपडे वाळत घालणं बंद.

काकूंच्या सुनेला म्हटलं, आधी भाड्यानेच राहशील, तर घराचा ऊर्जा दाखला बघ. ए (सगळ्यात चांगली) ते जी अशी प्रतवारी असते, पत्ता घातला की फुकट दिसतो, आणि इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराला सहसा ई तरी असावीच लागते. दारात येऊन कोणी "सरकारी योजना" म्हणालं तरी भुलू नकोस. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिकडच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितलं की सरकारी योजनांतून भिंतींना बाहेरून आवरण बसवलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे दोष आहेत. फसल्यासारखं वाटलं तर सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन कर. आणि समोरचा मराठी बोलतो म्हणून त्याच दिवशी सही करू नकोस.

वाशावरून निघालेल्या, लाकूड चिकटलेल्या फोमचा एक तुकडा मी सोबत आणला आहे. तो तिच्या हातात दिला. तिने नखाने फोम सोलायचा प्रयत्न केला. फोम निघाला नाही, लाकडाचा ढलपा निघाला.