आठ बाय बेचाळीसची दुर्बीण : त्सो कारपासून धानाच्या बांधीपर्यंत

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या गावच्या बोडीवर, म्हणजे लहान तलावावर, सारसांची एक जोडी येते. तिच्यासाठी मी साडेनऊ हजारांची ही दुर्बीण घेतली; पण तिची खरी परीक्षा झाली ती जूनमध्ये, रोवणी लागण्यापूर्वी, लडाखमधील त्सो कार सरोवरावर. तेथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर काळ्या मानेचा क्रौंच घरटे करतो.

तेथील विरळ हवेत थोडे चालले तरी धाप लागून हात थरथरतात, आणि दहापट दाखवणाऱ्या दुर्बिणीत ती थरथरही तितकीच मोठी दिसते. म्हणून आठपटीची घेतली हे योग्यच झाले. बेचाळीस मिलिमीटरच्या भिंगांमुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ होते. घरट्यापासून बरेच दूर थांबूनही माथ्यावरचा मळकट लाल डाग, पिवळसर डोळा आणि त्यामागचा पांढरा ठिपका स्पष्ट दिसला. अंड्यांवरचा पक्षी उठला, जोडीदार पुढे आला आणि बसण्यापूर्वी त्याने चोचीने एक अंडे हळूच फिरवले. भटक्या कुत्र्यांनी आधीच त्रस्त असलेल्या या पक्ष्याला फोटोसाठी घरट्यावरून उठवणे मला अक्षम्य वाटते.

लडाखने २०२१ मध्ये याला आपला राज्यपक्षी ठरवले. तिबेटी बौद्ध चित्रपरंपरेत दीर्घायुष्याच्या सहा प्रतीकांमध्ये वृद्ध, वृक्ष, कडा, पाणी आणि हरणे यांच्यासोबत क्रौंच असतात. भूतानच्या फोब्जिखा खोऱ्यात हिवाळ्यासाठी येताना आणि परतताना हे पक्षी गांगते मठाला तीन प्रदक्षिणा घालतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. त्यांना तारांची धडक बसू नये म्हणून त्या खोऱ्यात वीजवाहिन्या जमिनीखालून नेल्या आहेत. आमच्या शिवारातील लोंबत्या तारांखालून जाताना मला हे हटकून आठवते.

दुर्बिणीचा दोष एकच, पण मोठा आहे. आत नायट्रोजन भरलेला नसल्यामुळे पावसाळ्यात भिंगांच्या आतल्या बाजूस दमट वाफ धरते, आणि सारस धानाच्या बांधीत घरटे करतात ते नेमके तेव्हाच. दुकानदाराने बदलून देण्यास नकार दिला. विदर्भातील पावसात वापरायची असेल, तर दोन-तीन हजार जास्त मोजून नायट्रोजन भरलेलीच घ्यावी. मी सध्या ही दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवतो आणि धुऱ्यावर पोहोचल्यावरच बाहेर काढतो.