गुडघ्यातलं जेल इंजेक्शन : पाचात तीन स्टार

युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे मी. दिवसभर टेबलाशी उभं राहायचं, त्यामुळे उजवा गुडघा एक दिवस बोलणार हे ठरलेलंच होतं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, झीज मध्यम आहे, वाटी बदलायची घाई नको, ह्यालुरोनिक अ‍ॅसिडचं जेल देऊन बघू.

हा पदार्थ सांध्याच्या पाण्यात मुळातच असतो, झीज झाली की कमी आणि पातळ होतो. बाजारातलं जेल दोन प्रकारे बनतं : कोंबड्याच्या तुऱ्यापासून, नाहीतर जिवाणू वाढवून, आंबवून. आमचं घर लिंगायत, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. बायकोने पहिला प्रश्न हाच टाकला. खोक्यातला कागद मागून वाचला आणि आंबवून केलेलं घेतलं. ज्यांना अंड्याची, कोंबडीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी तर आधी विचाराच.

दुसरा मुद्दा शुगरचा. असल्या काही जेलमध्ये स्टेरॉइड मिसळलेलंही असतं. दुखणं लवकर उतरतं, पण मधुमेह्यांची साखर काही दिवस चढू शकते. मला गोळ्या चालू आहेत, म्हणून साधंच मागितलं. कोळंबीच्या कवचापासून काढलेल्या कायटोसान नावाच्या पदार्थाचं एक वेगळं जेलही करतात, ते टोचताना पातळ असतं, अंगाच्या उबेने घट्ट होतं आणि आतलं औषध हळूहळू सोडतं. आमच्या घरात तेही चालायचं नाही, ते सोडा.

टोचणं दहा मिनिटांचं काम. बेटाडीन लावलं, पेनाने खूण केली, आधी सुईने पिवळसर पाणी ओढून काढलं आणि त्याच सुईला जेलची सिरिंज लावली. माल इतका घट्ट की डॉक्टरांचा अंगठा पांढरा पडला. दुखलं थोडंच, पण आतून तट्ट भरल्यासारखं वाटलं. रात्री गुडघा सुजला, बर्फ लावला, सकाळी उतरला.

लगेच फरक पडेल म्हणून जाऊ नका. मला पहिले काही आठवडे काहीच कळलं नाही, नंतर जिना उतरताना कळ कमी झाली. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या मागे बरंच अंतर चाललो, वाटेतली सगळी अडुसष्ट लिंगं मात्र जमली नाहीत. सहा महिन्यांच्या आसपास असर ओसरला. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, यातून परत येत नाही. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ मध्ये तर सरसकट वापरू नका असंच सांगितलंय. काहींना गुण येतो, काहींना नाही. मला आला, पण त्याच काळात मांडीचे व्यायामही चालू होते, तेव्हा श्रेय कुणाला किती, देव जाणे.

दोन स्टार कापले ते पैशांसाठी. इंजेक्शन त्यांच्याच काउंटरवरून छापील किमतीत घ्यायला लावलं. तेच बाहेरच्या मेडिकलमध्ये बऱ्याच कमीला मिळत होतं, हे नंतर कळलं. आणि ‘एकदा घेतलं की वर्षभर बघायला नको’ असं सांगणारा कंपाउंडर! त्याला स्वतःच्या गुडघ्यात घ्यायला लावा राव.

आता डावा कुरकुरतोय. त्याला आधी फिजिओ, वजन चार किलो खाली, मग जेलचं बघू. आणि घ्यायचंच झालं तर चिठ्ठी लिहून घेऊन बाहेरून आणणार.